कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे : दुहेरी गुलामगिरीविरुद्धचा लढा

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे स्मरण होते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे आपण नतमस्तक होतो. परंतु ती परिषद महाडला भरावी म्हणून ज्यांनी रान उठविले, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांची ओळख सावित्रीच्या खोऱ्यातील मुलांनाही क्वचितच असते. ते परकीय सत्तेविरुद्ध लढले आणि स्वकीयांच्या जुलमाविरुद्धही. ही दोन्ही कामे एकच आहेत, ही त्यांची धारणा अखेरपर्यंत ढळली नाही.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाड तालुक्यातील लाडवली येथे झाला आणि बालपण दासगावात गेले. दासगाव हे बंदराचे गाव, पलटणीतून निवृत्त झालेल्या महार शिपायांच्या वस्तीचे. ज्या इंग्रजी फौजेत या मंडळींनी पराक्रम गाजविला, तिचे दरवाजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या मुलाबाळांना बंद झाले. याच तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही पेन्शनर शिपाईच. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्ममार्तंडांना जाब विचारला. मोरे वाढले ते या वारशात.

१९१४ साली शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, जात. अकरा वर्षांच्या त्या मुलाने गाऱ्हाणे पत्रातून मांडले, ते वर्तमानपत्रात आले आणि शाळेला नमावे लागले. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंग नीट ध्यानात घ्यावा.

पुढे महाडच्या बाजारात त्यांच्या पुढाकाराने अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान सुरू झाले. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. डोंगरातील वाड्यावस्त्यांवरून लाकूडफाटा, गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या माणसाला बाजारपेठेत घोटभर पाणी मिळत नसे. त्या दुकानात त्याला चहा मिळाला, पाणी मिळाले, बसायला जागा मिळाली. मोरे तेथेच लोकांचे अर्ज लिहून देत, गाऱ्हाणी ऐकत. पाहता पाहता ते दुकान चळवळीची कचेरी झाले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले. पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. सरकारने कागद दिला, संरक्षण दिले नाही. रूढीला हात लावण्याची परकीय सत्तेला गरजच नव्हती. तो कागद खरा करायचा तर माणसांनीच चालून जायला हवे, हे मोरे यांनी ओळखले. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागून हजारोंनी ते पाणी प्राशन केले. न्यायालयाचा अखेरचा निकाल मात्र १९३७ साली लागला.

त्यानंतर मोरे मुंबईच्या गिरणगावात रमले. तेथेही विटाळ होताच. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव असे, आणि पगार त्याच खात्यात अधिक. १९२९च्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली, तरी १९३०च्या सुमारास मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. इंग्रजी राजवटीत त्यांना भूमिगत जीवनही कंठावे लागले. बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता, तरी परस्परांविषयीचा स्नेह तुटला नाही. १० जानेवारी १९३८ रोजी खोतीविरुद्ध कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, ७ नोव्हेंबरला कामगारांचा संप झाला. दोन्हीत निळा आणि लाल असे दोन्ही पक्ष एकत्र होते. मोरे यांना हवी असलेली एकजूट ती हीच.

ती टिकली नाही, याचे शल्य त्यांना असणारच. १९५३ साली त्यांनी अस्पृश्यता व जातिव्यवस्था या प्रश्नावर स्वतःच्याच पक्षापुढे टिपण ठेवले. आर्थिक लढ्यात जात आपोआप विरघळेल, हा भ्रम त्यांना मान्य नव्हता. स्वपक्षीयांना असे सुनावणे परक्याला सुनावण्याहून कठीण, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९६५ साली त्यांनी ‘जीवनमार्ग’ हे साप्ताहिक सुरू केले. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे आत्मकथन अपुरे राहिले. पुढील चरित्र त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहिले. दासगाव, महाडचा बाजार आणि ते चहाचे दुकान मात्र मोरे यांच्या स्वतःच्या शब्दांत वाचावयास मिळते.