रिकाम्या चौकटीचा अर्थ : बहुउत्तरी प्रश्नांच्या गुणदानाविषयी काही विचार

संगणकावर घेतल्या जाणाऱ्या परीक्षा आता आपल्या विद्यापीठीय जीवनाचा नित्याचा भाग झाल्या आहेत. २०२० साली महामारीच्या काळात अनेक विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा ह्या पद्धतीने घेतल्या; त्यानंतर अंतर्गत चाचण्यांतही तिचा वापर होत राहिला. अशा परीक्षांत ज्या प्रश्नाला एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, त्याला ह्या लेखात ‘बहुउत्तरी प्रश्न’ असे म्हटले आहे. हा प्रश्न रचणे सोपे. परंतु त्याचे गुण कसे द्यावेत, हा विचार मात्र पुष्कळदा संगणकावरच सोपविला जातो. संगणक बेरीज अचूक करतो. न्याय कोणता, हे त्याला आपणच सांगावे लागते. प्रस्तुत लेखात ह्या गुणदानाच्या प्रचलित रीती तपासून त्यांच्यातील अन्यायाचे मूळ कोठे आहे, ते दाखविण्याचा विचार आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी आपल्याच विषयातील एक साधा प्रश्न घेऊ : ‘पुढीलपैकी कोणती व्यंजने मूर्धन्य आहेत? ट, त, ळ, प, ण.’ येथे ट, ळ आणि ण ही तीन उत्तरे बरोबर असून त (दन्त्य) आणि प (ओष्ठ्य) ही दोन चूक आहेत. प्रश्नाला एक गुण आहे असे मानू. एका विद्यार्थ्याने ट आणि ण ह्यांवर खूण केली, ळ मात्र सोडला. दुसऱ्याने त आणि प ह्यांवर खूण केली. पहिल्याला विषय बराचसा समजला आहे, दुसऱ्याला मुळीच नाही, हे उघड आहे. गुणदानाच्या रीतीची पहिली परीक्षा ही, की तिने ह्या दोघांत भेद केला पाहिजे.

पहिली रीत ‘सर्व किंवा शून्य’ अशी आहे. तीन्ही बरोबर पर्याय निवडले आणि चुकीचा एकही निवडला नाही, तरच गुण, एरवी शून्य. हिच्यानुसार वरील दोन्ही विद्यार्थी समान ठरतात. पाच पर्यायांवर खुणा करण्याचे बत्तीस प्रकार संभवतात. त्यांपैकी एकाला पूर्ण गुण आणि उरलेल्या एकतिसांना शून्य, अशी ही वाटणी होय. अंदाजाला ती फारसा वाव देत नाही, हे खरे. पण अपुरे ज्ञान आणि अज्ञान ह्यांना ती एकाच मापाने मोजते.

दुसऱ्या रीतीत प्रत्येक बरोबर खुणेला एक-तृतीयांश गुण मिळतो आणि चुकीच्या खुणेबद्दल काही वजा होत नाही. ही रीत उदार दिसते. परंतु जो पाचही पर्यायांवर डोळे मिटून खुणा करील, त्याला पूर्ण गुण मिळतो. तेव्हा हिचा अधिक विचार करण्याचे कारण नाही.

तिसरी रीत प्रत्येक चौकटीला स्वतंत्र प्रश्न मानते. बरोबर पर्यायावर खूण असली किंवा चुकीचा पर्याय मोकळा असला, की एक-पंचमांश गुण. पहिल्या विद्यार्थ्याला हिच्यात चार-पंचमांश गुण मिळतात, हे ठीकच आहे. परंतु ज्याने प्रश्नाला हातही लावला नाही, त्याच्याही त आणि प ह्या दोन चौकटी मोकळ्याच असतात. म्हणून त्याला दोन-पंचमांश गुण मिळतात! काही न लिहिण्याला येथे गुण पडतो.

चौथ्या रीतीत प्रत्येक बरोबर खुणेला अधिक एक-तृतीयांश, तर प्रत्येक चुकीच्या खुणेला उणे एक-द्वितीयांश गुण दिला जातो. म्हणजे बरोबर पर्यायांचा एकूण भार एक आणि चुकीच्या पर्यायांचा एकूण भार उणे एक. पहिल्या विद्यार्थ्याला दोन-तृतीयांश, कोऱ्या उत्तराला शून्य, आणि सर्वांवर खुणा करणाऱ्यालाही शून्य. आंधळेपणाने एकच खूण केली, तर पाचांपैकी तीन वेळा एक-तृतीयांश मिळेल आणि दोन वेळा एक-द्वितीयांश जाईल. सरासरीने प्राप्ती शून्य. एकच उत्तर बरोबर असलेल्या पाच पर्यायांच्या प्रश्नात ह्याच नियमाने प्रत्येक चुकीला एक-चतुर्थांश गुण वजा होतो. चुकीच्या पर्यायांच्या संख्येने एकाला भागून वजावट ठरविण्याचा जुना, परिचित नियम तो हाच. ऋण गुणांकडे आपण शिक्षा म्हणून पाहतो. परंतु योग्य प्रमाणात असलेले ऋण गुण केवळ दैवाने दिलेले तेवढे परत घेतात, अधिक काही नाही.

मात्र येथे एक बारीक मेख आहे. मूडलसारख्या प्रचलित प्रणालीत अशा प्रश्नाच्या गुणांची बेरीज शून्याच्या खाली जाऊ दिली जात नाही. ही दया वाटते. पण तिने सगळा तोल बिघडतो. आंधळी खूण आता पाचांपैकी तीन वेळा एक-तृतीयांश मिळवते आणि उरलेल्या दोन वेळा काहीच गमावत नाही. सरासरी प्राप्ती एक-पंचमांश होते. असे वीस प्रश्न असतील, तर ते न वाचता सरासरीने चार गुण पदरात पडतात, आणि प्रामाणिकपणे कोरी जागा सोडणारा तेवढ्यानेच मागे राहतो. शून्याची मर्यादा घालावयाचीच असेल, तर ती संपूर्ण प्रश्नपत्रिकेच्या बेरजेला घालावी, एकेका प्रश्नाला नव्हे.

राष्ट्रीय पातळीवरील परीक्षांनी ह्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. गेट परीक्षेत २०२१ पासून बहुउत्तरी प्रश्न आले, आणि त्याच वर्षी तिच्यात भाषाविज्ञानाचा विभागही सुरू झाला. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांचा तिच्याशी प्रत्यक्ष संबंध येतो. तेथे ‘सर्व किंवा शून्य’ ही रीत आहे आणि ह्या प्रश्नांना ऋण गुण नाहीत. आय. आय. टी. प्रवेशाच्या जे. ई. ई. अॅडव्हान्स्ड परीक्षेत २०२३ साली पूर्ण उत्तराला चार गुण, अपुऱ्या पण निर्दोष उत्तराला तीन, दोन किंवा एक, आणि एकही चुकीची खूण असल्यास उणे दोन, असा नियम होता. अपुऱ्या ज्ञानाची कदर येथे आहे. परंतु तीन बरोबर पर्याय ओळखून चौथ्यावर चुकणारा आणि एकच चुकीची खूण करून थांबणारा, हे दोघेही उणे दोनवरच येतात. लाखोंतून थोड्यांची निवड करणाऱ्या परीक्षेला ही कठोरता परवडत असेल. वर्गातील चाचणीचा हेतू निराळा असतो, म्हणून तो नियम जसाच्या तसा उचलणे युक्त नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वरील चारही रीतींत खुणेचा अर्थ एकच आहे : ‘हे बरोबर आहे.’ परंतु मोकळ्या चौकटीचा अर्थ काय? ‘हे चूक आहे’ असे विद्यार्थी सांगत आहे, की ‘मला ठाऊक नाही’ असे? भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित नाही. पाणिनीच्या लोपापासून आधुनिकांच्या शून्य प्रत्ययापर्यंत आपण अभावालाही अर्थ देतो. पण तो त्याच ठिकाणी, जेथे अभावाचा विरोध एका निश्चित भावाशी असतो. येथे एकच अभाव दोन अर्थांचा भार वाहतो आहे. ट आणि ण ओळखून, त व प मूर्धन्य नाहीत हेही पक्के जाणणारा, आणि त व प ह्यांविषयी काहीच न जाणणारा, हे दोन विद्यार्थी चौथ्या रीतीतही एकसारखेच दिसतात. कारण त्यांचे उत्तरपत्र अक्षरशः एक आहे. गुणदानाचा कोणताही नियम उत्तरात न आलेला भेद निर्माण करू शकत नाही.

ह्यावर उपाय उत्तराची रचना बदलण्याचा आहे. प्रत्येक पर्यायापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन्ही शब्द द्यावेत, आणि काहीच न निवडण्याची मोकळीक ठेवावी. योग्य उत्तराला अधिक एक-पंचमांश, अयोग्याला उणे एक-पंचमांश, अनुत्तरिताला शून्य. मग वरील दोघांपैकी पहिल्याला चार-पंचमांश आणि दुसऱ्याला दोन-पंचमांश गुण मिळतात, आणि ते न्याय्य आहे. सर्वत्र ‘होय’ म्हणणाऱ्याला आमच्या प्रश्नात एक-पंचमांश लाभ होईल. यास्तव एकूण प्रश्नपत्रिकेत खऱ्या आणि खोट्या पर्यायांची संख्या समान राखण्याची दक्षता परीक्षकाने घ्यावी.

शेवटी सूचनेच्या भाषेविषयी. ‘योग्य पर्याय निवडा’ ही आपल्याकडील रूढ सूचना बहुउत्तरी प्रश्नाला सदोष आहे. ‘पर्याय’ हे अकारान्त पुल्लिंगी नाम. त्याचे अनेकवचन एकवचनासारखेच होते, आणि ‘योग्य’ हे विशेषण विकार पावत नाही. म्हणून एक निवडावयाचा की अनेक, हे ह्या वाक्यातून कळतच नाही. गोल चौकट म्हणजे एक उत्तर आणि चौकोनी म्हणजे अनेक, हा संगणकाचा संकेत सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. ‘योग्य असतील ते सर्व पर्याय निवडा’ असे लिहिल्यास संदेह राहत नाही. त्याच सूचनेखाली गुणदानाचा नियमही, वजावटीसह, स्पष्ट शब्दांत छापला जावा; जो नियम परीक्षेनंतर कळतो, तो कितीही समतोल असला तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने न्याय्य ठरत नाही.

सारांश, गुणदानाची रीत निवडण्यापूर्वी परीक्षकाने स्वतःला एवढेच विचारावे, की विद्यार्थ्याने मोकळी सोडलेली जागा आपण कशी वाचणार आहोत. त्या जागेचा अर्थ आधी निश्चित केला, तर गणित अवघड नाही.