रस्ता सगळ्यांचा, वेग कुणाचाच नाही

आपल्या वस्त्यांतील बहुतेक घरांना अंगण नाही. दार उघडले की पायरी, पायरीखाली नाली आणि नालीपलीकडे रस्ता. म्हणजे रस्ता हेच आपले अंगण. मुले तिथेच खेळतात, आयाबहिणी तिथेच गहू निवडतात, म्हातारी माणसे तिथेच ऊन खात बसतात, लग्नाचा मांडवही तिथेच पडतो. या अंगणातून आज ज्यांचे वस्तीत काही काम नाही अशी वाहने भरधाव जाऊ लागली आहेत. हा प्रश्न आता गंभीरपणे हाती घेतला पाहिजे.

नागपुरात हे कसे घडले ते पाहा. कामठी रोडवर मेट्रो आणि उड्डाणपुलाचे काम वर्षानुवर्षे चालले. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा साडेपाच किलोमीटरहून लांब पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला. काम चालू असताना मोठा रस्ता तुंबला की दुचाक्या, ऑटो, मोटारी इंदोरा, बेझनबाग, लष्करीबागच्या गल्ल्यांत शिरत. पुढे इंदोरा ते दिघोरी पुलाचे काम निघाले आणि कमाल चौक, पाचपावलीकडच्या गल्ल्यांवर तीच पाळी आली. पूल बांधून होतो, पण एकदा सापडलेली आडवाट वाहनवाला विसरत नाही. त्यात भर पडली मोबाइलवरच्या नकाशाची. दोन मिनिटे कुठे वाचतात एवढेच त्याला कळते. वाटेत अंगणवाडी आहे की विहार, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

दोन मिनिटांची किंमत कोण मोजतो? वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणूनच जिथे पायी चालणारी माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या बारा-पंधरा फुटी गल्लीत तर तेवढाही जास्तच.

यावर काही लोक सोपा उपाय सुचवतात, ‘आपणही गेट बसवू.’ पैसेवाल्यांच्या कित्येक कॉलन्यांनी तेच केले आहे. परंतु बंधुभगिनींनो, जरा विचार करा. त्यांनी गेट लावले म्हणून त्यांची वाहतूक कुठे गेली? ती आपल्या दारात आली. आपण लावले तर ती आपल्याहून गरीब वस्तीत जाईल. शिवाय सार्वजनिक रस्ता परस्पर अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्यासोबत रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला तिथे अडवता येत नाही. १९२७ साली महाडला ज्यांच्या आजा-पणजांना सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांनी माणसांची वाट अडवण्याची भाषा करू नये. आपली मागणी वेगळी आहे. माणूस जाऊ द्या, सायकल जाऊ द्या, भाजीची हातगाडी जाऊ द्या, घरी येणारे वाहनही येऊ द्या. फक्त या टोकाने शिरून त्या टोकाने पळणारे वाहन थांबवा.

हे करता येते. गल्लीच्या मधोमध किंवा एका टोकाला लोखंडी खांब रोवले की पायी माणूस आणि सायकल जाते, मोटार जात नाही. खांब कुलूप काढून उपटता येतील असे ठेवले तर रुग्णवाहिका व अग्निशमनाची गाडी अडत नाही. दुचाक्या मात्र खांबांतून निसटतात. त्यांच्यासाठी एकेरी वाहतूक आणि गतिरोधक हवेत.

गतिरोधकही घरच्या घरी मलबा टाकून करू नये. त्यावर गरोदर बाई मागे बसलेली दुचाकी आदळते, पावसात पाणी तुंबते आणि रात्री तो दिसतही नाही. इंडियन रोड काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. त्यावर पट्टे आणि अलीकडे सूचनाफलकही लागतो.

परदेशात हे मोठ्या साहेबांनी आपणहून दिले नाही. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आयाबाप रस्त्यावर उतरले. अ‍ॅमस्टरडॅममधील दे पाइप या कामगारांच्या दाट वस्तीत तर १९७२ साली मुलांनीच खेळायला रस्ता मागितला. १९७६ साली तिथल्या कायद्याने असे निवासी रस्ते मान्य केले, जिथे वाहनाने माणसाच्या चालीने चालावे लागते.

आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार शासन किंवा त्याने नेमलेला अधिकारी जनतेच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी वा मर्यादा घालू शकतो. नागपूरच्या वाहतूक पोलिसांनी ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी प्रवासी बसगाड्यांना इनर रिंग रोडच्या आत थांबण्यास मनाई केली. बसगाड्यांसाठी आदेश निघू शकतो, तर आपल्या मुलांसाठी का नाही?

मात्र नुसत्या तक्रारीने फाइल हलत नाही, आकड्यांनी हलते. त्यासाठी हे करा. दहावी-बारावीची चार मुले-मुली वही घेऊन गल्लीच्या दोन्ही टोकांना ओट्यावर बसवा. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि सायंकाळी साडेपाच ते साडेसात, असे तीन दिवस. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. रात्री दोन्ही वह्या ताडून पाहायच्या. जो नंबर या टोकाला शिरून तीन मिनिटांत त्या टोकाला निघाला, तो वस्तीचा नव्हे. अशांची बेरीज करा. हाच आपला पुरावा.

त्यानंतर आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांची, सर्व समाजांच्या शेजाऱ्यांची बैठक घ्या. कारण एकच गल्ली सुटली तर लोंढा शेजारी वळेल. नकाशा काढा, सह्या घ्या आणि अर्ज महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात व वाहतूक पोलीस उपायुक्तांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका. दोन महिन्यांत हालचाल नसेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने विचारा, अर्जाचे काय झाले? तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा हा विषय काढा. वह्या दोनच लागतात.