पावणेसतरा मिलिसेकंदांचा संसार

अकोल्याच्या माझ्या भाचीने अकरावी-बारावीत लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले, आजोबांनी त्यात भर घातली आणि साठ हजार रुपये जमले. तिला गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा होता आणि तो स्वतःच्या हातांनी जोडायचा होता. २०२५च्या मे महिन्यात तिने एका दुकानातून मिळालेलं कोटेशन मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. वर ठळक अक्षरांत ‘आय७ गेमिंग पीसी’, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचे चार पंखे. मॉडेल नंबर खाली बारीक अक्षरांत होते. प्रोसेसर कोअर आय७-२६००, म्हणजे २०११ साली बाजारात आलेला. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, ते २०१४चं.

“मामा, आय७ म्हणजे आय५पेक्षा भारी ना?” तिने विचारलं.

एका मुलीची दोन वर्षांची कमाई चौदा वर्षं जुन्या चिपवर जाणार होती, याचा मला राग आला. पण तिचा प्रश्न रास्त होता. आय३, आय५, आय७ हे एकाच पिढीतले वर्ग आहेत. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. २६०० मधला पहिला २ दुसरी पिढी सांगतो, १२१०० मधले १२ बारावी. आणि बाराव्या पिढीतला साधा आय३ त्या जुन्या आय७ला सहज मागे टाकतो. हे कळल्यावर ती म्हणाली, “मग नावांवरून काहीच ठरत नसेल तर ठरवायचं कशावरून?”

वेळेवरून. पडद्यावरची हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला येतात १६.७ मिलिसेकंद. पावणेसतराच म्हणू. बटण दाबल्याची दखल घेणं, शत्रू कुठे पळाला ते ठरवणं, भिंतीवर सावली किती लांब पडेल ते मोजणं आणि शेवटी सगळं रंगवणं, हे सारं तेवढ्यात उरकावं लागतं. मॉनिटरच्या ठोक्याला बांधून घेतलेल्या गेममध्ये चित्र अठराव्या मिलिसेकंदाला तयार झालं, तर त्याला पुढच्या ठोक्यापर्यंत थांबावं लागतं, आणि आधीचंच चित्र ३३ मिलिसेकंद डोळ्यांसमोर राहतं. खेळणाऱ्याला तो धक्का जाणवतो. म्हणून प्रत्येक भाग विकत घेताना एकच विचारायचं : या पावणेसतरा मिलिसेकंदांत याचं काम काय?

काम दोघांत वाटलेलं असतं. आमच्या घरी पोळ्या करताना आई लाटायची आणि मावशी भाजायची. आई पुढची पोळी लाटत असताना मावशीच्या तव्यावर आधीची असायची. प्रोसेसर लाटतो आणि ग्राफिक्स कार्ड भाजतं. पुढच्या चित्रात काय कुठे असेल ते प्रोसेसर ठरवत असतो, तेव्हा कार्ड आधीचं चित्र रंगवत असतं. त्यामुळे दोघांचे वेळ बेरजेत येत नाहीत, जो हळू त्याचाच वेळ मोजला जातो. लाटणाऱ्याला एका पोळीमागे २० मिलिसेकंद लागत असतील, तर भाजणाऱ्याने ८ऐवजी ४ मिलिसेकंदांत भाजून उपयोग नाही, तवा रिकामाच तापणार. संगणकशास्त्रात जीन ॲमडालने १९६७ साली याच्या जवळचा नियम मांडला : यंत्राचा एक भाग कितीही वेगवान करा, जो भाग तसाच राहिला तो एकूण फायद्याला लगाम घालतो. कमी पैशांत कॉम्प्युटर जोडणाऱ्याला हा नियम श्रीमंतापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आपल्या मशीनमध्ये हळू कोण आहे, हे ओळखायची एक फुकट युक्ती आहे. गेमचं रिझोल्यूशन कमी करून पाहायचं. चित्रं भराभर येऊ लागली तर अडचण कार्डाची होती. फरकच पडला नाही तर प्रोसेसरची.

बहुतेक गेममध्ये अडचण कार्डाचीच निघते. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं म्हटल्यावर दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात, आणि एकेका ठिपक्यामागे प्रकाश, सावली, पोत यांची कितीतरी गणितं असतात. ही एक अवाढव्य ठिपक्यांची रांगोळी समजा. रांगोळी काढण्यात तरबेज अशा सहा बाया बसवल्या तरी वीस लाख ठिपके भरायला वेळ लागेलच. तिथे हव्यात शेकडो मुली, प्रत्येकीला साधं काम येणारं, पण सगळ्या एकदम बसणाऱ्या. शेजारच्या ठिपक्यासाठी कुणाला थांबायचं नसतं, म्हणून हे काम असं वाटता येतं. भाचीसाठी निवडलेल्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये ६ कोअर आहेत, म्हणजे त्या तरबेज सहा बाया. तिच्यासाठीच निवडलेल्या रेडिऑन आरएक्स ६६०० या मध्यम किमतीच्या कार्डात गणित करणारी १,७९२ लहान एककं आहेत. म्हणूनच पहिल्या गेमिंग मशीनच्या पैशांतला सर्वांत मोठा वाटा कार्डाला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्तच.

आता त्या कोटेशनमधल्या ‘४ जीबी’कडे वळतो, कारण फसगत इथे जास्त होते. कार्डाची मेमरी म्हणजे रांगोळी भरणाऱ्यांच्या हाताशी ठेवलेल्या रंगांच्या वाट्या. वाट्या किती आहेत हे जीबी सांगतं, पण त्यातून रंग किती वेगाने उचलता येतो, हे वेगळं गणित. जीटी ७३०च्या मेमरीचा वेग सेकंदाला ४० जीबी किंवा त्याहूनही कमी. आरएक्स ६६००चा २२४ जीबी. खोक्यावर मात्र फक्त ‘४ जीबी’ छापलेलं असतं. वाट्या अपुऱ्या पडल्या तर कार्डाला मदरबोर्डवरून मुख्य रॅमकडे धावावं लागतं. त्या वाटेवर आरएक्स ६६००ला फार तर सेकंदाला १६ जीबी मिळतात, म्हणजे हाताशी असलेल्या मेमरीच्या चौदाव्या हिश्शाइतका वेग. गेम छान चालता चालता मध्येच अडखळतो, त्याचं हे एक नेहमीचं कारण. त्यामुळे आज नवीन कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नये.

कार्डाचा भार हलका करणारी एक गोष्ट पैसे न देता मिळते. एएमडीने २०२१मध्ये आणलेलं एफएसआर नावाचं तंत्र गेम आधी कमी ठिपक्यांत रंगवतं आणि मग मोठा करतं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘क्वालिटी’ या पातळीवर फुल एचडीसाठी प्रत्यक्षात १२८० गुणिले ७२० ठिपकेच रंगवले जातात, म्हणजे ४४ टक्के. उरलेलं आधीच्या चित्रांतून मिळालेल्या माहितीवर भरून काढलं जातं. ही दुसरी आवृत्ती जुन्या कार्डांवरही चालते. बारीक जाळी, केस, गवत इथे नजर लावली तर फरक दिसतो, पण पळत्या खेळात तो मला खटकत नाही.

कार्डापुरते पैसे नसतील तर? तेव्हा मी ग्राफिक्स पोटात असलेला प्रोसेसर घ्यायला सांगतो, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी. कार्ड नंतर बसवता येतं. पण या चिपला स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसते, ती मुख्य रॅममधून खाते. डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ५१.२. तेव्हा १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्याव्यात. भाचीकडे कार्डाचे पैसे होते, तरीही तिच्यासाठी दोनच घेतल्या.

हार्ड डिस्कवर फार बोलायला नको. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डोकं सरकायला काही मिलिसेकंद. एवढ्यात चित्राचा बराचसा वेळ संपला. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. गेम एसएसडीवरच ठेवावेत.

पुढचे दोन भाग चित्र काढत नाहीत, आणि म्हणूनच पहिली कात्री त्यांच्यावर चालते : पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा पॉवर सप्लाय घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. आरएक्स ६६०० सुमारे १३२ वॅट घेतं. १२ व्होल्टला तो ११ अँपिअरचा प्रवाह झाला, आणि तो एकसारखा नसतो. रांगोळी भरणाऱ्या सगळ्या एकदम कामाला लागल्या की काही मिलिसेकंद तो कितीतरी उसळतो. हलका पॉवर सप्लाय तेव्हा मान टाकतो आणि मशीन ऐन खेळात बंद पडतं. भाचीच्या मशीनला आतून लागणार होते साधारण २५० वॅट. मी ५५० वॅटचा घेतला, कारण उसळ्यांना जागा राहते आणि अर्ध्या भाराच्या आसपास बहुतेक पॉवर सप्लाय सर्वांत कमी वीज वाया घालवतात. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ असा शिक्का असेल तर अर्ध्या भाराला कार्यक्षमता ८५ टक्के धरता येते. मात्र हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नाही. शॉर्टसर्किट आणि जादा प्रवाहापासून संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे वेगळं विचारावं लागतं.

अकोल्यात वीज डोळा मिचकावल्यासारखी जाते-येते. चांगला पॉवर सप्लाय आपल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे योगायोगाने साधारण एका चित्राइतकाच वेळ. तेवढ्यात यूपीएसने भार उचलला तर मशीनला पत्ता लागत नाही. घरातल्या अनेक इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते नॉर्मलवर असेल तर बदलायला जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो. भाचीच्या घरी ते वर्षानुवर्षं नॉर्मलवरच होतं. दुसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी तार बहुधा कुठेच जोडलेली नाही. मशीन येण्याआधी आम्ही वायरमनला बोलावून ते तपासून घेतलं.

मग उष्णता. आतले २५० वॅट देण्यासाठी ८५ टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून घेतलेले साधारण २९५ वॅट शेवटी उष्णताच होतात, सगळेच्या सगळे. ती कॅबिनेटमधून बाहेर काढायची आणि हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, असं ठरवलं तर दर सेकंदाला साधारण २५ लिटर हवा आरपार जायला हवी. १२० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्यावर जेमतेम एवढी हवा ढकलतो. समोर काच असेल तर त्याहून बरीच कमी. शिवाय चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर असलेला प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ८५ गाठतो, आणि ५६०० हा ९० अंशांपाशी स्वतःचा वेग कमी करू लागतो. मे महिन्यात पारा ४५ला टेकणाऱ्या गावात रंगीत दिव्यांच्या चार पंख्यांपेक्षा पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट मोलाचं. ते कूलरच्या थेट झोतात ठेवायचं नाही, कारण झोताबरोबर पाण्याचे थेंब येतात, हेही तिला बजावलं.

सगळे भाग मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेतले. ग्रँट रोड स्टेशनला उतरून अर्धा दिवस चार दुकानं फिरलो. कच्च्या बिलावर भाव खाली येत होता, पण मी १८ टक्के जीएसटीसह पक्की बिलं घेतली आणि प्रत्येकावर सीरियल नंबर लिहून घेतला, कारण वॉरंटी त्यावर चालते. एका ठिकाणी वापरलेलं कार्ड निम्म्या भावात समोर आलं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने कार्डांवर चालणारं मायनिंग बंद केलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातली सगळी वाईट नव्हती, पण पंखे आणि मेमरी किती झिजली हे काउंटरवर उभं राहून कळत नाही. मी नको म्हटलं. ती खरेदी वेळेवर झाली असं आता वाटतं. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले.

अकोल्याला सकाळी सातला, ऊन तापायच्या आत, जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू झाली. प्रोसेसरच्या १,३३१ पिना पाहून भाचीने श्वास रोखला. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवला आणि जोर न लावता चिप आपोआप आत बसली. दहाला बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. ती रडकुंडीला आली. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या भोकात होती, आणि ५६००च्या पोटात ग्राफिक्स नसल्याने तिथून चित्र येणार नव्हतं. केबल खाली कार्डाला लावल्यावर बायोस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा, उघडला. तिथे रॅम ३२००ऐवजी २६६६वर चालत होती. तिने रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी एक्सएमपीची ओळ शोधून सुरू केली, आकडा ३२०० झाला.

दुपारी तिचा मेसेज आला. गेमच्या कोपऱ्यात चित्राला लागणाऱ्या वेळेची रेघ दिसत होती, तिचा स्क्रीनशॉट होता. खोली ३८ अंशांवर, रेघ जवळजवळ सपाट, आणि शेजारी आकडा : १३.९.