उंबऱ्याच्या आतले कामगार

बालकामगारांवर लिहायचे म्हटले की आपले लेखक थेट शिवकाशीची गाडी पकडतात. तिथून फिरोजाबादच्या बांगड्या, मिर्झापूरचे गालिचे, आणि कोलकात्यात उतरलेच तर हावड्यापलीकडे पांचल्याची जरीकाम करणारी पोरे. ही तीर्थयात्रा मी दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. माझे म्हणणे पहिल्यापासून एकच आहे, आणि ते ऐकून ओळखीचे लोक कंटाळलेही आहेत : ज्या पोराला शोधायला गाडी लागत नाही, त्याच्यावर कोणी लिहीत नाही. ते लिहिणाऱ्याच्याच मोरीवर भांडी घासत असते. एका परिसंवादात मी हे बोललो, तेव्हा एका विद्वानांनी 'हा निव्वळ मध्यमवर्गीय अपराधगंड' म्हणून मला निकालात काढले. त्यांच्या घरी चहाचा ट्रे कोण घेऊन येते, ते मी पाहिले होते. असो.

कायद्याला मात्र मूल आधी गिरणीत दिसले. बंगालमधल्या तागाच्या गिरण्यांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तेव्हा भराभर जातो. 1855 मध्ये रिसड्याला पहिली गिरणी, मग हुगळीच्या दोन्ही काठांवर धुराडी. सूतखात्यात भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या चढवायला लहान बोटे सोयीची, म्हणून बिहार-ओरिसातून आलेल्या मजुरांची पोरे आत. 1881 चा कारखाना कायदा आला : सात वर्षांखालच्यांना बंदी, सात ते बाराला दिवसाचे नऊ तास, तेही शंभरावर माणसे असलेल्या कारखान्यांतच. 1891 मध्ये किमान वय नऊ झाले आणि मुलांचे तास सातावर आले. या कायद्यांमागे मँचेस्टरवाल्यांचा मुंबईच्या गिरण्यांवरचा मत्सर होता, हे खरेच. पण तेवढ्यावर आपल्या राष्ट्रवादी पत्रांनी, कोलकात्यात 'अमृत बाजार पत्रिका' आणि पुण्यात 'मराठा'ने, या कायद्यांना विरोध केला, हेही तितकेच खरे आणि शताब्दीच्या भाषणांत ते कोणी सांगत नाही. मजुरांच्या बाजूने बोलले ते 'दीनबंधू'चे नारायण मेघाजी लोखंडे. त्यांच्याही आधी, 1870 मध्ये, बारानगरला ब्राह्मसमाजी शशिपद बॅनर्जींनी श्रमजीवी समिती काढली आणि गिरणीकामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. 'भारत श्रमजीवी' हे त्यांचे सचित्र मासिक. या माणसावर मराठीत स्वतंत्र लेख व्हायला हवा. आता माझ्याच्याने होणे नाही.

पुढचे सगळे सरकारी आहे. 1922 मध्ये किमान वय बारा झाले, 1931 मध्ये कामगारविषयक व्हिटली आयोगाचा अहवाल आला, 1938 चा कायदा, मग 1986 चा. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलामागे मालकाकडून वीस हजार वसूल करायला सांगितले. 2015 च्या मे महिन्यात पश्चिम मेदिनीपूरमधल्या पिंगल्याला बेकायदा फटाका कारखान्यात स्फोट झाला. मेलेल्यांत मुर्शिदाबादहून आणलेली अल्पवयीन मुले होती. पेपरांत आठवडाभर ते राहिले.

यात स्वयंपाकघर कुठे आले? 1999 मध्ये केंद्राने आपल्या नोकरवर्गाला चौदा वर्षांखालील मूल घरकामाला ठेवायची मनाई केली, आणि सर्वांसाठी ती बंदी आली 10 ऑक्टोबर 2006 ला. चहाच्या टपऱ्या आणि ढाबेही त्याच दिवशी कायद्यात आले. गिरणीच्या फाटकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत यायला कायद्याला 125 वर्षे लागली. कायदे करणारे, त्यावर अग्रलेख लिहिणारे, त्यांची अंमलबजावणी करणारे सगळे याच उंबऱ्याच्या आत जेवायला बसत होते, यापेक्षा वेगळे कारण मला तरी सापडलेले नाही.

बंगाली साहित्याला हे मूल पूर्वीपासून दिसत होते. रवींद्रनाथांच्या 'खोकाबाबूंचे प्रत्यागमन'मधला रायचरण बाबूंच्या घरी पहिल्यांदा कामाला येतो तेव्हा बारा वर्षांचा असतो. 'पोस्टमास्तर'मधली रतन त्याच वयाची. पण रायचरण इतका निष्ठावंत आणि रतन इतकी गोड की वाचक डोळे पुसतो आणि पान उलटतो. डोळे पुसायची ती सवलत काढून घेतली मृणाल सेन यांनी. 'खारिज' हा चित्रपट 1982 चा, रमापद चौधुरींच्या कादंबरीवरचा. पुढच्या वर्षी त्याला कानला ज्युरी पारितोषिक मिळाले. मी तो फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, आणि त्यानंतर भेटेल त्याला पाहायला लावला. अजूनही लावतो.

गोष्ट एवढीच : अंजन आणि ममता या सुशिक्षित जोडप्याने पालान नावाचा पोरगा कामाला ठेवलेला असतो. तो जिन्याखाली झोपतो. एका कडाक्याच्या रात्री ऊब म्हणून स्वयंपाकघरात, कोळशाच्या चुलीशेजारी, आतून कडी लावून झोपतो. सकाळी दार तोडावे लागते. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे पोलीस, शवविच्छेदन, वकिलाचा सल्ला, आणि स्वयंपाकघराला झरोका नव्हता ही जबाबदारी घरमालकाची की भाडेकरूची हा खल. त्या घरात कोणी पालानला मारलेले नाही, उपाशी ठेवलेले नाही. खलनायक असता तर प्रेक्षकाला सुटकेचा रस्ता होता. इथे पडद्यावरचा सोफा आपल्या घरातला वाटतो. गल्लीतल्या इतर घरांतली नोकर पोरे जमतात, तेव्हा ही इतकी होती हे त्या गल्लीला पहिल्यांदाच कळते. शेवटी खेड्यातला बाप अंत्यसंस्कार उरकून परत येतो. अंजन जिन्यावर उभा. आता बाप हात उगारणार, असे आपल्यालाच वाटते, नव्हे, त्याने उगारावा असेही वाटते. तो निरोप घेतो आणि निघून जातो. थिएटरात त्या क्षणी कोणी खोकत नाही, हे मी अनेक खेळांना पाहिले आहे. आमच्यातल्या एका समीक्षकाला मात्र यात 'संघर्षाचा अभाव' दिसला होता. 'सलाम बॉम्बे' आल्यावर त्यांना संघर्ष सापडला; तोही सोयीस्करपणे रस्त्यावरचा, घराबाहेरचा.

आमच्या दक्षिण कोलकात्यातल्या पाड्यात सकाळी शाळेच्या बसच्या थांब्यावर एक मुलगी यायची. वय दहाच्या आसपास. फ्रॉक मालकिणीच्या मुलीचा जुना, शिवण उसवून लांब केलेला, जुन्या घडीची रेघ तशीच. एका खांद्यावर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, दोन्ही त्या मुलीची. बस आली की दप्तर उतरवून तिच्या पाठीवर चढवायचे, बाटली गळ्यात अडकवायची आणि परत फिरायचे. दोघींची उंची सारखी होती. मी तिच्या मालकिणीशी एकदा बोललो. 'आमच्याकडे घरच्यासारखीच राहते', हे उत्तर पुण्यात, कोलकात्यात एकच आहे. आपल्याकडेही 'बाळ सांभाळायला गावाकडची पोर आणली' हे वाक्य हळदीकुंकवात सहज बोलले जायचे, दोन वेळचे जेवण आणि वर्षाला दोन कपडे हे त्याचे वेतन, आणि लग्न लावून देऊ हा बोनस.

या दाराला हात घातला तो सियालदाहच्या एका शाळेने, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सिस्टर सिरिल मूनी या आयरिश बाई 1956 मध्ये भारतात आल्या, 1979 मध्ये सियालदाहच्या लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. 1985 मध्ये त्यांनी स्टेशनाभोवतीच्या फूटपाथवरच्या मुलींसाठी शाळेचा जिना उघडा केला. वर येऊन बसायचे, जमेल तेव्हा यायचे, आणि शिकवणार कोण, तर फी भरून शिकणाऱ्या मुली, आपल्या वेळापत्रकातल्या तासाला, एकीला एक. याला त्या 'रेनबो' म्हणत. पुढे पुढे तिथल्या निम्म्याच्या आसपास मुली बिनफीच्या होत्या. दर्जा खालावेल म्हणून नाके मुरडणारे पालक होतेच.

पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोठे वाटते, आणि त्यावर कोणी धड लिहीत नाही. शाळेतल्या मुलींनी आपापल्या वस्तीत, आपल्याच वयाची घरकामाला ठेवलेली पोरे शोधायची. आधी मैत्री करायची, खेळायला बोलवायचे, मग मालकिणीशी बोलायचे. तपासनीस दारात आला की मालकीण वकील आठवते. पाचवी-सहावीतली, गणवेशातली मुलगी विचारते की काकू, हिला तासभर खाली पाठवाल का, तेव्हा काय करणार? अशा तासाभरातून काही पोरी शाळेपर्यंत पोचल्या. सिस्टर सिरिलना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली, 2023 मध्ये त्या गेल्या. आपल्या मराठी पेपरांत मला एक चौकटही दिसली नाही. आता सामाजिक काम म्हणजे अहवाल, सादरीकरण आणि कॉफी. मुली शेजारच्या घरात शिरायच्या नाहीत, कारण शेजारी कोण राहते हेच ठाऊक नसते. टॉवरच्या दाराशी रजिस्टर आणि चौकीदार.

नोकर पोरे कमी झाली, हे कबूल. 2001 च्या जनगणनेत देशात पाच ते चौदा वयोगटातली 1.26 कोटी मुले कामावर होती, 2011 मध्ये 1.01 कोटी. त्यानंतरची जनगणना 2021 ला झालीच नाही, त्यामुळे आज आपण सारे जुन्या आकड्यांवर भांडतो. घरकामाचा भार आता बायांवर आहे. पहाटेच्या कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूर लोकलने त्या ढाकुरिया, बालीगंजला उतरतात. त्यांच्या मागे घरी धाकट्यांना सांभाळून चूल पेटवणारी थोरली मुलगी कोणत्याच आकड्यात बसत नाही, कारण तिला कोणी कामावर ठेवलेले नाही. बंगाल सरकारच्या 2013 च्या कन्याश्री योजनेने तेराच्या पुढच्या मुलींना शिष्यवृत्ती दिली, पण थोरलीचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. आपल्याकडे ऊसतोडीला कोयता निघाला की पालावर हीच थोरली. साखरशाळा निघाल्या तरी धाकटा तिच्याच कडेवर.

राहता राहिली बालकामगार कायद्यातली 2016 ची दुरुस्ती. चौदाखालच्यांना सर्व कामांत बंदी, हे वाचून अनेकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे कलम वाचायचे राहिले : शाळेनंतर आणि सुटीत, कुटुंबाच्या बिनधोक उद्योगात मुलाने मदत केलेली चालते. धोकादायक उद्योगांची लांबलचक यादीही तीन गटांवर आली. याचे समर्थन करणारे पारंपरिक कलेचे दाखले देतात. दुर्गापूजेआधी सियालदाह स्टेशनच्या आवारात ढाकी, म्हणजे ढोलवाले, जमतात, त्यांच्याबरोबर काँसर, म्हणजे काशाची थाळी, वाजवणारा पोरगा असतो. कुमारटोळीत मूर्तींसाठी माती तुडवायला मुलगा बापाच्या हाताशी असतो. त्या पोरांवर माझा रोख नाही. त्यांचा दाखला देऊन ज्यांचे फावते, त्यांच्यावर आहे. पांचल्यात, मेटियाब्रुझमध्ये ओस्तागराचा, म्हणजे काम वाटणाऱ्या मालक-शिंप्याचा, माल आता घरोघर जातो. जरीची चौकट झोपायच्या खोलीत ताणली की ते घर झाले. तुकड्यामागे पैसे देणारा कागदावर कुठेच नसतो. आणि कायद्यातल्या कुटुंबात आईबाप, भावंडे यांच्याबरोबर काका, आत्या, मामा, मावशीही आहेत. 2006 नंतर ओटा पुसणाऱ्या पोरीबद्दल विचारले की 'ही गावाकडची भाची' असे उत्तर मिळायचे, ते ऐकून आम्ही हसत असू. आता तेच उत्तर कारखान्यातही चालते, आणि ती भाची नाही हे सिद्ध करायचे काम तपासनीसाचे.