तीनशे पंधरा बोर आणि छत्तीसगडचा पाऊस

हलकी, पावसापाण्यात न बिघडणारी शिकारी रायफल कोणती घ्यावी? फिनलंडच्या किंवा अमेरिकेच्या शिकाऱ्यापुढे या प्रश्नाला डझनभर उत्तरे असतात. स्टेनलेस पोलादाची नळी, फायबरचा दस्ता आणि तीन किलोंच्या आतले वजन असलेली फिनिश ‘टिक्का टी-थ्री’ तो दुकानातून उचलून आणतो. रायपूरचा परवानाधारक मात्र बहुधा एकाच रायफलपाशी येऊन थांबतो, ती म्हणजे सरकारी कारखान्याची तीनशे पंधरा बोर. 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही, आणि जुनी परदेशी रायफल विकायला निघालीच तर तिची किंमत ऐकून माणूस मागे फिरतो. म्हणून या तीनशे पंधरालाच नीट ओळखून घ्यायला हवे.

तिचा जन्म इंग्रज सरकारच्या धास्तीतून झाला. 1857 नंतर हिंदुस्थानी माणसाच्या हातातल्या हत्यारावर सरकारची करडी नजर होती. 1878च्या शस्त्र कायद्याने आपल्या लोकांना परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मोकळे सोडले. पुढे फौजेची रायफल .303 बोरची झाली, तेव्हा तिची काडतुसे चोरून बाहेर वापरली जाऊ नयेत म्हणून खासगी माणसाला तो बोर मिळेनासा झाला. फौजी काडतूस चालणार नाही, पण फौजी रायफलच्याच धाटणीची बंदूक विकता येईल, अशी वाट बंदूकवाल्यांनी काढली. ऑस्ट्रियाच्या मान्लिशर रायफलचे 8 मिलिमीटरचे काडतूस आकाराने .303च्या जवळचे होते आणि त्याच्या बुडाला तशीच कड होती, त्यामुळे फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलच्या यंत्रणेत ते फारशी मोडतोड न करता बसले. 8 मिलिमीटर म्हणजे .315 इंच. ऑस्ट्रियाच्या फौजेने ते काडतूस केव्हाच सोडून दिले, पण भारतात ते अजून विकले जाते.

स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ही बंदूक बनवायला घेतली. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बंदुकीची दारू बनत असे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफली बनू लागल्या. तिच्या काडतुसांशी मराठी मुलखाचाही संबंध आहे. 1869 साली सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत ती बनली आहेत, आणि अशा काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे ठोकलेली दिसतात. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या. इशापूर कानपूरच्या कंपनीकडे गेले, खडकी पुण्याच्या.

या रायफलची खरी ताकद तिच्या बोल्टमध्ये आहे. जेम्स पॅरिस ली यांनी आखलेला हा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्याची फेक आखूड आहे, आणि तो मागेपुढे करायला खांद्यावरून बंदूक खाली घ्यावी लागत नाही. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलात हीच यंत्रणा चालली. तिच्यात मोकळी जागा भरपूर ठेवलेली असल्याने माती किंवा पाणी शिरले तरी ती सहसा अडत नाही. अचूकतेत ती माउझरच्या मागे पडते, पण बांधावर पन्नास-साठ पावलांवरून झाडायच्या गोळीला तेवढी अचूकता पुरते.

वजन साडेतीन किलोंच्या आसपास. हे जड वाटते, पण मला हा दोष वाटत नाही. सुमारे सोळा ग्रॅमची गोळी पुढे जाताना जेवढा धक्का मागे देते, तो पेलायला रायफलीत वस्तुमान लागते. वजन किलोभराने उतरवले की तोच धक्का खांद्यावर बसतो, चाप दाबताना माणूस आधीच आक्रसतो आणि नेम जातो. नळी बारीक केली तर दोन-तीन बारांत तापते आणि नेम सरकतो ते वेगळेच. हलक्या रायफलचे सुख हिमालयाच्या चढणीवर आहे. महानदीच्या सपाट धानाच्या मुलखात ते विकत घेण्यात अर्थ नाही.

पावसाचा प्रश्न मात्र खरा आहे. रायपूर परिसरात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. दस्त्याचे लाकूड दमट हवेत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पुढचा लाकडी भाग नळीला एका अंगाने रेटू लागला की मे महिन्यात बरोबर बसवलेला नेम ऑगस्टमध्ये चुकतो. बंदुकीच्या मालकाला वाटते काडतूस खराब निघाले. इशापूरच्या लोकांना लाकडाचा हा स्वभाव ठाऊक होता. त्यांच्या जुन्या फौजी रायफलींच्या पुढच्या लाकडात आडवा स्क्रू घातलेला दिसतो, तो लाकूड चिरू नये म्हणूनच. नळीवरचा निळसर-काळा मुलामाही गंजापुढे फार काळ टिकत नाही, तेलाचा हात फिरला तरच टिकतो. त्यात निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तिथे आठवडेच्या आठवडे कापडात गुंडाळून पडलेल्या नळीला कोण तेल लावणार?

शिकारीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. याच प्रदेशाच्या उत्तरेला, कोरिया संस्थानात, डिसेंबर 1947 मध्ये महाराजा रामानुज प्रताप सिंहदेव यांनी एका रात्री तीन चित्ते मारले. त्यानंतर भारतातल्या मूळच्या मोकळ्या चित्त्याची खात्रीची नोंद नाही, आणि 1952 साली तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या 1991च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद केली, आणि ते योग्यच झाले. आता रानडुकरांनी धान उद्ध्वस्त केले तरी लेखी परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. पण 2016 साली महासमुंद जिल्ह्यात एका अस्वलाने वनखात्याच्या अधिकाऱ्यासह तिघांचा जीव घेतला आणि शेवटी पोलिसांना ते गोळ्या घालून मारावे लागले. अशी वेळ गावावर येते, तेव्हा पहिल्या बारालाच चालणारी, नेमावर असलेली बंदूक माणूस वाचवते आणि जनावराचे हालही टाळते. हवामानाला टिकणारी रायफल हवी ती एवढ्यासाठी.

म्हणून घेणाऱ्याला माझे सांगणे असे. वजनाकडे पाहू नका, नळीच्या आतून उजेडात पाहा. पुढच्या लाकडात आणि नळीत सगळीकडे सारखे अंतर आहे का, ते तपासा. दस्त्याला आतूनबाहेरून जवसाचे तेल पाजा, विशेषतः लाकडाच्या कापलेल्या टोकांना. बंदूक कातडी गवसणीत ठेवू नका, चामडे ओल धरून ठेवते. पावसात भिजली तर त्याच रात्री पुलथ्रूने, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीने, चिंधी फिरवा. जूनआधी आणि दसऱ्याआधी अधिकृत रेंजवर नेम तपासून घ्या.

आणि इशापूरला एक मागणी. यंत्रणा तीच ठेवा, तिला धक्का लावू नका. फक्त स्टेनलेस नळी आणि फायबरचा दस्ता असलेली तीनशे पंधरा बाजारात आणा. छत्तीसगड, विदर्भ आणि कोकणातला परवानाधारक पाच हजार रुपये जास्त देऊनही ती घेईल.