एकाच डोळ्याची दोन दुखणी

आमचा बालाघाट जिल्हा धानाचा. मळणीच्या दिवसांत एखादे कुसळ डोळ्यात शिरते, डोळा चोळला जातो, घरगुती उपायांत आठवडा निघून जातो आणि पुढे बुबुळावर फूल पडते. अशाच एका पालकांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, दुसऱ्याचे बुबुळ बसविले म्हणजे मला दिसेल ना?"

उत्तर वाटते तितके सोपे नाही. डोळ्याला पुढे खिडकी असते, ते पारपटल; आणि मागे पडदा, ते दृष्टिपटल. खिडकी बदलण्याची विद्या जुनी आहे. १९०५ साली डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पारपटल-रोपण यशस्वी केले. परंतु मार जबर असेल वा जंतुसंसर्ग आत उतरला असेल, तर मागचा पडदाही सुटतो. मग पेच पडतो. धुरकट खिडकीतून शल्यविशारदास आतले दिसत नाही. आणि आधी केवळ खिडकी बदलावी, तर तोवर पडदा निकामी होण्याचे भय.

या पेचावर अमेरिकेतील डॉ. मॉरिस लँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तोडगा मांडला. रोगट पारपटल गोल कापून काढावयाचे व त्या जागी तात्पुरते पारदर्शक कृत्रिम पारपटल टाक्यांनी बसवावयाचे. त्यातून पाहत आतील गढूळ द्राव काढून पडदा जागी बसवितात व त्यास आधार म्हणून वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. अखेरीस कृत्रिम पारपटल काढून दात्याचे पारपटल शिवतात. सारे एकाच बैठकीत!

अर्थात, यशाची खात्री नसते. शरीर नवे पारपटल नाकारू शकते, पडदा पुन्हा सुटू शकतो. पुष्कळदा मिळते ती चालण्याफिरण्यापुरतीच दृष्टी. पण अंधारात बसलेल्यास तीही थोडी नव्हे. म्हणून डोळ्याला उजेडाची जाणीव आहे काय आणि सोनोग्राफीत पडदा कसा दिसतो, हे आधी पाहतात.

हे ऐकून त्या गृहस्थांनी नागपूरला जाऊन तपासून घेण्याचे ठरविले. उठता उठता त्यांनी विचारले, "पण गुरुजी, ते बुबुळ येते कोठून?"

मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत कुणा घरच्यांनी संमती दिली, तरच ते येते. दात्यास चष्मा असो वा त्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, त्याने अडत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी हे आम्ही अनेकदा सांगितले आहे. स्वतःच्या घरी मात्र कधीच बोललो नव्हतो. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही पत्नीला व मुलांना जवळ बसविले आणि आमची इच्छा सांगितली.