तेराची पाऊणपट

गुरुवार, 2 डिसेंबर 2021. सकाळचे नऊ होत आलेत आणि भाईंदरजवळच्या तारोडीच्या रस्त्यावर माणसं आषाढात चालावीत तशी चालताहेत. छत्री पुढे कललेली, विजार घोट्याच्या वर दुमडलेली. फक्त छत्रीखाली स्वेटर आहे. कालच्या दिवसभराच्या पावसाची आता भुरभुर उरली आहे. डोंगरी-उत्तनकडचा डोंगर ढगात अर्धा बुडालाय.

रस्त्याला लागून एक वाडी आहे. भात कापून महिना झाला असेल, त्याच जमिनीत वाफे पाडून मेथी, कोथिंबीर, मुळा, वांगी लावलीत. वाफ्यांमधल्या सऱ्यांत पाणी तुंबलंय. एक बाई ओणवी होऊन मुळे उपटतेय, डोक्यावर प्लास्टिकच्या गोणीची खोळ.

"आजच काढताय?"

"नाय तं काय करू, दादा? पान्यात राहिला तं मुला फुटतो. मेथी गेलीच. वांगी टिकतील, फुलं गलली तरी."

पाऊस येणार हे कळलं होतं का, असं विचारतो. ती मान न उचलता म्हणते, "कललं होतं ना. पोराच्या मोबाईलवर आलं. पन मेथी काय दोन दिसांत वाढवायची?"

याला उत्तर नाही. अंदाज खरा ठरला तरी उपयोगी पडेलच असं नाही. बोटी बंदरात थांबवता येतात, पेंढा झाकता येतो. अर्धी वाढलेली मेथी कुठे नेणार?

कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राची पत्रकं दोन दिवस माझ्याही मोबाईलवर येताहेत. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, वरच्या थरात पश्चिमेकडून आलेले वारे, दोन्ही एकत्र आले की डिसेंबरातही असा पाऊस होतो. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत ओखी वादळाने असाच भिजवला होता. 5 डिसेंबर 2017 ला मुंबई-ठाण्याच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. बंगालच्या उपसागरात आणखी एक प्रणाली जोर धरतेय, तिचं वादळ झालं तर नाव जवाद. घाटावरून, जुन्नर-आंबेगावकडून, गारठ्याने मेंढ्या दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्यात.

पत्रक मात्र जिल्ह्याच्या मापाने बोलतं. ठाणे जिल्हा म्हणजे मुरबाडच्या माळशेज घाटापासून या समुद्रापर्यंत. माळशेजला आणि तारोडीला इशाऱ्याचा रंग एकच. उलट खाडीपलीकडे दिसते ती वसई 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे, म्हणून तिचा रंग वेगळा असू शकतो. ढगांना हे विभाजन कोणी कळवलेलं नाही. नद्यांचंही तसंच. जिल्ह्याच्या पूरपत्रकात उल्हास नदी मोजतात ती बदलापूरला, इशारा पातळी 16.50 मीटर, धोक्याची 17.50. पावसाळ्यात ते आकडे बदलापूर-कल्याणकरांच्या जिवाचे असतात. पण तीच उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि या टोकाला तिची उंची डोंगरावरच्या पावसापेक्षा चंद्रच जास्त ठरवतो.

हे मला नीट कळतं ते मोर्व्याच्या अंगाला असलेल्या खाजणात उतरल्यावर. मातीचा बांध, बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं फळ्यांचं दार. आतल्या बाजूला कालचं पावसाचं पाणी, गढूळ, त्यात पेंढ्याच्या काड्या तरंगताहेत. बाहेरच्या बाजूला भरतीचं खारं पाणी, आतल्यापेक्षा हातभर वर. एक वयस्कर गृहस्थ बांधावर उकिडवे बसलेत. गुडघ्यापर्यंत चिखल, कानाला मफलर.

"काका, पाणी सोडत का नाही?"

"कसा सोडू? आता उघडली तं बाहेरचंच आत येईल." ते बोटं मोजतात. "आज तेरस. तेराची पाऊणपट, पावनेदहा. तवा भरती पुरी. इकडे आत खाडीला अर्धा तास मागे धर. मग वसरायला लागेल. बारा-एकपर्यंत बसायचं."

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब सगळीकडे चालतो, आणि भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिला तर फार तर थोडा मागेपुढे होतो. काकांना पाऊस किती मिलिमीटर झाला याच्याशी कर्तव्य नाही. पाऊस कोणत्या वेळी झाला, ते विचारा. ओहोटीला पडला तर उघाडीतून आपसूक निघून जातो. भरतीला पडला की दार बंद, आणि शेत वाट पाहत बसतं.

बांधापलीकडे मिठागरं दिसतात. भाईंदरचं मीठ एकेकाळी या गावाची ओळख होती, आता बरीच आगरं ओस पडलीत. जी चालू आहेत त्यांचा हा तयारीचा काळ. वाफ्यांचा तळ चोपून घट्ट करायचा, उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं. समुद्राचं पाणी बोमे मापावर साधारण तीन अंश भरतं. पंचविसाच्या आसपास गेल्याशिवाय मिठाचा दाणा धरत नाही. तीनापासून तिथवर न्यायला कित्येक दिवसांचं ऊन लागतं. एका पावसात पाणी पुन्हा पातळ होतं आणि चोपलेला तळ मऊ पडतो. आज तिथे कुणीच दिसत नाही. येऊन करणार काय?

बाराला अजून वेळ आहे म्हणून मी उत्तनला जाऊन येतो. नाक आधी पोचतं. बांबूंच्या वलांडीवर बोंबील जोडीजोडीने लटकवलेत, जबड्यात जबडा अडकवून. कालपासून ते वाळायच्या ऐवजी भिजताहेत. रंग पांढऱ्यावरून पिवळटावर चाललाय. ताडपत्री घातलेल्या ढिगाजवळ दोघी कोळणी वास घेऊन माल निवडताहेत. चांगला वाळलेला बोंबील पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो, चार-पाच दिवस कडक ऊन मिळालं तर. हा भिजलेला खतात जाणार.

"पाऊस परवडला, बाय," त्यांतली थोरली धाकटीला म्हणते, "पन उद्या-परवा धुकं पडेल बघ."

तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. जमीन ओली, हवेत दमटपणा, ढग हटले की रात्री जमीन झपाट्याने निवते आणि पहाटे धुकं धरतं. हवामान खात्याच्या लेखी एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं की ते धुकं, दोनशे मीटरच्या आतलं दिसेना की दाट. कोळणीच्या लेखी ऊन सकाळी दहापर्यंत पोचत नाही आणि बोंबील पुन्हा दमट होतो, ते धुकं. बोटीवरच्यांचं दुखणं आणखी वेगळं. पाण्याखालचे खडक ओळखीचे असतात, समोरून येणारी दुसरी बोट नसते. त्यातून धावगी डोंगरावरच्या कचऱ्याचा धूर खाली दबला, तर कोणतं धुकं आणि कोणता धूर हे खोकल्यावरूनच ओळखायचं.

साडेबाराला मी परत बांधावर येतो. पाऊस पूर्ण थांबलाय. बाहेरचं पाणी उतरून आतल्याच्या खाली गेलंय आणि काका पहारीने उघाडीची फळी उचकटताहेत. पहिली निघते, दुसरी फुगून बसलीय. पुतण्या येऊन जोर लावतो. फळी सुटते तसं गढूळ पाणी फेसाळत खाडीकडे धावतं, पाठोपाठ पेंढा, बाटल्या, एक चप्पल.

"झालं म्हणायचं," मी म्हणतो.

"आजचं झालं." काका बांधाच्या एका जागेकडे बोट दाखवतात. तिथली माती खचून पन्हाळ पडलीय. "परवा शनिवारी आवस हाय. आणि या दिसांत रातची भरती मोठी."

येत्या अमावस्येला चंद्र पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असणार आहे, हे मी पंचांगात नाही, खगोलाच्या तक्त्यात वाचलंय. ते सांगतो. काका क्षणभर माझ्याकडे पाहतात आणि पुतण्याकडे वळतात.

"ऐकलंस? उद्या नको, आजच माती आन. दोन टेम्पो सांग. आणि गोन्या घे, रिकाम्या."

पुतण्या खिशातून मोबाईल काढून टेम्पोवाल्याला लावतो. पलीकडचा भाव करू लागतो, ओल्या मातीचे जास्त पडतील म्हणतो.

"दे त्याला," काका म्हणतात. "पन तीनच्या आत ये म्हनावं."